लेखांक ४ : वस्तू सुटते, दावा सुटत नाही

वाळवंटातल्या एकांतवासी ख्रिस्ती संन्याशांचा विचार गेल्या लेखांकात झाला. एकट्याने सर्वस्व सोडणे त्या मानाने सोपे; पेच पडतो तो त्याच्यामागे माणसांची रांग लागली की. असिसीच्या फ्रान्सिसने १२०६ च्या सुमारास बिशपसमोर अंगावरचे कपडेसुद्धा कापडव्यापारी वडिलांना परत केले. चित्रकारांनी हा प्रसंग अजरामर केला असला, तरी त्याच्या त्यागातला तो सर्वांत सोपा भाग होता, असे मला वाटते. १२२३ च्या नियमावलीत त्याने धर्मबंधूंना घर, जागा, काहीही आपले म्हणायला मनाई केली. नाणी तर स्वीकारायचीच नव्हती. १२२६ मध्ये मृत्यूपूर्वी केलेल्या मृत्युपत्रात त्याहून अवघड अट आहे. चर्चसाठी, राहत्या जागेसाठी, अगदी छळ झाला तरी, पोपच्या दरबारातून कसलेही पत्र मागायचे नाही; एका ठिकाणी थारा मिळाला नाही तर दुसरीकडे जायचे. म्हणजे त्याला वस्तूंबरोबर त्यांच्यावरचा दावाही सोडायचा होता. मालमत्ता आली की ती राखायला शस्त्रे लागतात, असे तो बिशपला म्हणाल्याचे त्याच्या सोबत्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चरित्रात आहे. त्यागाची खरी कसोटी मला इथे दिसते: हिसकावून घेतले तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार?

पुढे संघ वाढला, मठ उभे राहिले, ग्रंथ जमले. हे मृत्युपत्र बंधनकारक नाही, असे पोप नववा ग्रेगरी याने १२३० मध्येच ठरवले, आणि १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने संघाच्या मालमत्तेची मालकी पोपपीठाकडे घेतली. बंधूंकडे उरला फक्त वापर. कोठारे भरलेली आणि मालक मात्र दुसराच, ही सोय लोकांच्या डोळ्यांत खुपणारच. पोप बाविसावा जॉन कायद्यात मुरलेला होता. जी वस्तू वापरताच संपते तिचा वापर आणि मालकी वेगळी कशी करणार, असे म्हणत त्याने १३२२ मध्ये ती मालकी नाकारली. आक्षेप वजनदार आहे, भरल्या कोठारांपुरता तर खराच. पण १३२८ मध्ये पोपच्या आव्हिन्योंमधल्या दरबारातून पळालेल्या, याच संघातल्या ऑकमच्या विल्यमने दिलेले उत्तर मला अधिक पटते. परवानगीने वापरणे वेगळे, हक्काने वापरणे वेगळे. पंगतीतला पाहुणा पोटभर जेवतो, पण वाढले नाही म्हणून यजमानावर फिर्याद करत नाही. जॉनने भाकरी संपताना पाहिली. ती नाकारली गेली तर काय, हे विचारले नाही.

मग असा त्याग दुसऱ्याच्या मालकीवरच जगतो ना? जगतो, आणि ते लपवण्याचे कारण नाही. फ्रान्सिसने बंधूंना काम करायला सांगितले, मोबदल्यात पैसा सोडून गरजेपुरते घ्यायला सांगितले, आणि मोबदला मिळाला नाही तर भिक्षा मागायला सांगितले. तिथेही भांडायचे नव्हतेच. देवावरची श्रद्धा व्यवहारात अखेर माणसांवरच्या अवलंबनाचे रूप घेते, आणि नेमकी हीच गोष्ट मालमत्तेला टाळायची असते. फ्रान्सिसच्याच वाटेने निघालेल्या असिसीच्या क्लाराला मात्र दुसरीकडे निघून जाण्याची वाट मोकळी नव्हती, कारण ती आणि तिच्या धर्मभगिनी मठाच्या भिंतीआड बांधलेल्या. म्हणून फ्रान्सिसने नाकारलेले पत्र तिला मागावे लागले: काहीही न बाळगण्याची मुभा देणारे. १२२८ मध्ये ग्रेगरीने ते दिले. तिच्या नियमावलीला पोपची मंजुरी आली ती ऑगस्ट १२५३ मध्ये, तिच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी.