कॉन्ट्रातला माणूस का लुकलुकायचा?

लिंबागणेशला मी टीव्ही दुरुस्त करायचो तेव्हा पोरं एकच तक्रार घेऊन यायची, ‘काका, गोळ्या वाढल्या की कॉन्ट्रा गेममधला माणूस लुकलुकतो. टीव्ही बघा जरा.’ दोष टीव्हीचा नव्हताच. निन्टेन्डोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेमचा संच काढला. तो पडद्याच्या एका आडव्या रेषेत फक्त ८ हलते तुकडे दाखवतो. नववा आला की एक गाळावा लागतो. गेम तो आळीपाळीने गाळतो, म्हणून ही लुकलुक. आपल्याकडचे पिवळ्या कॅसेटचे स्वस्त गेम त्याच्याच नकला, त्यामुळे खोडही तीच.

सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८चा. ८ बिटऐवजी १६ बिट, मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, एका रेषेत २० तुकडे. शिवाय पार्श्वभूमीचे दोन थर. जवळची झाडं भरभर सरकतात, मागचे डोंगर सावकाश. यंत्र म्हणून सेगाच सरस, यात मला शंका नाही.

पण आमच्याकडे घरात शिरली ती फॅमिकॉमची नक्कल. बऱ्याच नकलांत चिपच्या जागी डांबरासारखा काळा ठिपका असायचा. तो गेला की बोर्ड फेकायचा. बाकी सगळं हाताशी होतं. ७८०५ रेग्युलेटर सहज मिळायचा, बटणाखालचं रबर स्पिरिटने पुसलं की मारिओ पुन्हा उड्या मारायचा. अँटेनाच्या जागी वायर जोडली की जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरही खेळता यायचं, आणि ऊसतोडीवरून परतलेल्यांच्या घरांत टीव्ही बहुधा तसाच असायचा.