रूपांतराची कला

रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून माळी कलम तयार करतो. खुंट तेथल्याच मातीतला असतो, काडी दुरून आणलेली असते. दोहोंचा रस एक झाला, तरच कलम जीव धरते. परक्या भाषेतील कथा आपल्याकडे आणताना लेखकालाही असेच करावे लागते. या कामाला रूपांतर म्हणतात.

मराठीत ही कला जुनी आहे. मोलिएर या फ्रेंच नाटककाराचे एक प्रहसन इंग्रजीच्या वाटेने गोविंद बल्लाळ देवल यांच्यापर्यंत आले. त्यावरून त्यांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' हे नाटक रचले. पुढे १९१६ मध्ये त्याच नाटकात पदे घालून 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आले. देवलांनी पात्रांची नावे, घरे, चालीरीती आणि थट्टामस्करी इतकी मराठी केली, की मूळ नाटक परदेशी असल्याचे प्रेक्षकांच्या ध्यानीही येत नसे.

परंतु प्रत्येक कथेला हा मार्ग मानवत नाही. अमेरिकेतील एका चित्रकथा-मासिकाच्या डिसेंबर १९४१ च्या अंकात आर्ची हा तांबड्या केसांचा मुलगा प्रथम अवतरला. रिव्हरडेल हे त्याचे काल्पनिक गाव. बेटी, व्हेरोनिका, जगहेड व रेगी हे त्याचे सोबती. शाळा, मैत्री, रुसवेफुगवे आणि या मुलांचा वाद्यवृंद यांभोवती त्या कथा फिरतात. भारतातही त्यांना पुष्कळ वाचक लाभले. या वाचकांच्या मनात पात्रांची नावे इतकी रुजली होती, की बेटीची विमल केली असती, तर तिला कोणीच ओळखले नसते.

मुंबईच्या दिग्दर्शिका झोया अख्तर यांच्यापुढे हाच पेच होता. 'द आर्चीज' हा त्यांचा संगीतप्रधान चित्रपट डिसेंबर २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांनी नावे बदलली नाहीत. ती नावे जेथे स्वाभाविक वाटतील असा भारतीय समाज शोधला. तो समाज म्हणजे अँग्लो-इंडियन. युरोपीय पूर्वजांचे व भारतीय मातांचे हे वंशज. त्यांच्या घरांत इंग्रजी बोलली जाई, आणि रेल्वे, तार व शिक्षण या खात्यांत त्यांनी मोठी सेवा केली. कथेचा काळ १९६४ हा ठरला आणि रिव्हरडेल हे भारतातील थंड हवेचे गाव झाले. उटी येथे त्याचे चित्रण झाले.

हीच कथा मराठी खेड्यात आणायची झाली तर काय होईल? बारामतीहून इंदापूरकडे जाताना काटेवाडी हे गाव लागते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी तेथे येते, तेव्हा धोतरांच्या पायघड्या अंथरल्या जातात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. तेथे आर्चीच्या मित्रमंडळाला शीतपेयांच्या दुकानाऐवजी देवळाच्या पारावर बसावे लागेल. वाद्यवृंदाच्या जागी भजनी मंडळ येईल, आणि गिटारीऐवजी टाळ-मृदंग वाजतील. ती कथाही गोड होईल. मात्र ती देवलांच्या वाटेने गेलेली असेल.

स्थळ सापडले, तरी काम संपत नाही. चित्रकथेतील मुले वर्षानुवर्षे त्याच वयाची राहतात आणि तिला शेवट नसतो. चित्रपटाला मात्र शेवट हवा, म्हणजेच काहीतरी पणाला लागावयास हवे. म्हणून या चित्रपटात गावाची एक बाग आली. गावातले प्रत्येक मूल तेथे आपले झाड लावते. व्हेरोनिकाचे धनवान वडील त्याच जागी हॉटेल उभारू पाहतात, आणि मुले बाग वाचवण्यासाठी एकत्र येतात. इकडे आर्चीला लंडनला जाण्याची ओढ लागलेली असते. ही ओढ उगाच घातलेली नाही. १९४७ नंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडा या देशांत निघून गेली. राहावे की जावे, हे गाव आपले की परके, हा त्या समाजाचा खरा प्रश्न होता. हलक्याफुलक्या कथेला त्या प्रश्नामुळे वजन आले.

या कथेत गीतेही उपरी वाटत नाहीत, कारण मूळ मुलेच गाणारी आहेत. आर्चीच्या काल्पनिक वाद्यवृंदाच्या नावाने निघालेले एक गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. चित्रपटात राजकारणाशी आपला काय संबंध, असे आर्ची विचारतो, तेव्हा त्याचे मित्र त्याला गाण्यातूनच उत्तर देतात. संवादाचे काम येथे गीत करते.

हा चित्रपट सर्वांनाच रुचला असे नाही. कोणाला त्यातील भारतीयपण अपुरे वाटले. तथापि देवलांनी नावे बदलून आणि या चित्रपटाने नावे राखून एकच गोष्ट साधू पाहिली. मूळ कथेतील काय जपावे आणि काय सोडावे, याचा विवेक ज्याला असतो, त्यालाच परकी कथा आपली करता येते.