अधांतरी गोळी खाली का पडते?

लोखंडाची लहानशी गोळी विद्युतचुंबकाखाली कशाचाही आधार न घेता तरंगत ठेवणे, हा विज्ञान प्रदर्शनात हमखास गर्दी खेचणारा प्रयोग. शहरातील प्रयोगशाळेत तो तासन्‌तास चालतो. वाशिम जिल्ह्यातील रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी, सायंकाळी दाब उतरला की तोच फसू शकतो. मग विद्यार्थी आदल्या रात्री सगळी जुळणी उस्कटून बसतो. दोष बहुधा जुळणीत नसतो, वीजपुरवठ्यात असतो.

केवळ स्थिर चुंबकांच्या बळावर वस्तू अधांतरी स्थिर राहू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी 1842 मध्ये गणिताने दाखवून दिले. म्हणून गोळीच्या आड प्रकाशाचा झोत आणि संवेदक लागतो. गोळी वर सरकली की प्रवाह कमी, खाली आली की जास्त, असा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा चालतो. गोळीवरील ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह 10 टक्के घटला तर ओढ 19 टक्के घटते. इतक्या नाजूक तोलाला पुरवठ्यातील हेलकावा सोसत नाही.

घरगुती जुळणीत 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर असतो. 230 व्होल्ट मिळत असताना कपॅसिटरवर सुमारे साडेपंधरा व्होल्ट चढतात. रब्बीत शेतीपंप सुरू होऊन घरातला दाब 175 वर आला, तर हाच आकडा साडेअकरापर्यंत उतरतो. त्यातच कपॅसिटर तोकडा असेल तर दुहेरी संकट. एक अँपिअर प्रवाहाला 1000 मायक्रोफॅरड पुरत नाहीत. ढोबळ हिशेबाने दर शंभरांश सेकंदाला दाब 10 व्होल्टपर्यंत खचू शकतो. 4700 मायक्रोफॅरड लावल्यास ही खोट दोन व्होल्टवर येते. गोळीतून बारीक गुणगुण ऐकू येत असेल, तर आधी संशय येथेच घ्यावा. मल्टिमीटर डीसीवर सरासरी दाखवून फसवतो. त्याच्या एका तारेत एक मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कपॅसिटर जोडून एसीवर मोजले, तर लहर दिसते.

भारनियमनाच्या काळात घरोघरी आलेले इन्व्हर्टर ही आणखी एक मेख आहे. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर दिवे, पंखे चालतात. पण या लहरीचे शिखर साइन लहरीपेक्षा ठेंगणे असल्याने त्याच ट्रान्सफॉर्मरमागून साडेदहा व्होल्टच्या आसपासच मिळतात. वीज गेली, दिवा लुकलुकला आणि गोळी पडली, हा प्रकार त्यामुळे.

खरे निदान दहा मिनिटांत होते. पुरवठा काढून तेथे पूर्ण भारित 12 व्होल्टची बॅटरी लावावी, मधे दोन अँपिअरचा फ्यूज न विसरता. गोळी स्थिरावली तर दोष पुरवठ्याचा. तरीही डोलत राहिली तर नियंत्रण मंडलाची मात्रा तपासावी. बॅटरीवर प्रयोग सुधारत असेल, तर आजकाल सहज मिळणारा 100 ते 240 व्होल्ट घेणारा अॅडॅप्टर दाबाचा प्रश्न बव्हंशी सोडवतो. मात्र सहा ओहमच्या कॉइलला 12 व्होल्टवर दोन अँपिअर लागतात. एक अँपिअरचा अॅडॅप्टर जोडला तर तो स्वतःला वाचवण्यासाठी क्षणोक्षणी बंद-चालू होतो आणि हीच गडबड विद्यार्थ्याला सर्किटचा दोष वाटते. तीन अँपिअरचा घेणे शहाणपणाचे.

संवेदक आणि कॉइल एकाच तारेवर ठेवणे ही तर नेहमीची चूक. कॉइलने प्रवाह ओढला की संवेदकाचा दाब खचतो, त्याला गोळी हलल्याचा भास होतो आणि न झालेल्या हालचालीवर उपाय सुरू होतो. संवेदकाला 7805चा वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा, दोन्ही भूतारा पुरवठ्याच्या मूळ ठिकाणीच जोडाव्यात. कॉइलला समांतर उलटा डायोड नसेल तर मॉस्फेट जळतो, तोही बहुधा पाहुणे आल्यावरच.

उन्हाळ्यात आणखी एक सूक्ष्म बाब भोवते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. कॉइल 50 अंशांनी तापली की प्रवाह जवळपास एक-षष्ठांश घटतो. सकाळी तरंगणारी गोळी दुपारी चार वाजता पडते, ती यामुळे. अशा वेळी कॉइलला अर्धा तास विश्रांती देऊन पुन्हा पाहावे.