चिखलदऱ्याचे धबधबे : कडा, कातळ आणि डोह

दर्यापूर (प्रतिनिधी) : पावसाची झड लागली की वऱ्हाडातील हौशी मंडळींचे पाय आपसूक चिखलदऱ्याकडे वळतात. दर्यापुरातून अंजनगाव सुर्जी, परतवाडा असा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा पार केला की काळ्या मातीचा सपाट मुलूख मागे पडतो आणि गाविलगडच्या डोंगररांगा समोर उभ्या ठाकतात. समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवरील या पठाराच्या कडांवरून पावसाळ्यात असंख्य जलधारा दरीत झेपावतात. भीमकुंड, पंचबोल, कलालकुंड, जत्राडोह, बकादरी ही त्यांतली पर्यटकांच्या परिचयाची नावे. ज्यांना नावच मिळालेले नाही, असे प्रपात याहून कितीतरी अधिक आहेत.

भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत लोटले व नंतर कुंडात स्नान केले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ‘कीचकदरा’ या नावावरून चिखलदरा झाले, असे मानतात. थंड हवेचे ठिकाण म्हणून इंग्रजांचे लक्ष या पठाराकडे गेले ते १८२३ साली, कॅप्टन रॉबिन्सन या अधिकाऱ्यामुळे. मात्र ज्या कातळामुळे हे धबधबे आहेत, त्याचा इतिहास पुराणकथा आणि इंग्रज अमदानी या दोहोंपेक्षा फार जुना आहे.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये प्रचंड प्रमाणात लाव्हारस उसळला. तो एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा येत राहिला व थरावर थर साचत गेले. हा लाव्हा ज्या तप्त केंद्रातून आला, तेच केंद्र आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे, असा भूशास्त्रज्ञांमधील एक प्रचलित सिद्धांत आहे. रियुनियन आणि शेजारचे मॉरिशस ही दोन्ही बेटे उंच धबधब्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मॉरिशसमधील शामारेलचा सुमारे १०० मीटरचा प्रपात पाहण्यासाठी जगभरातून लोक जातात. तेथील कडा आणि चिखलदऱ्याचा कडा एकाच जातीच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे.

फरक आहे तो पावसाचा. बेटांवर समुद्री वारे बहुतांश वर्षभर वाहतात आणि डोंगराला अडून पाऊस देतात. रियुनियनमध्ये १९६६ साली अवघ्या २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस झाला होता. दर्यापूर तालुक्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या हा दुपटीहून अधिक. गाविलगडची मदार मात्र मोसमी वाऱ्यांच्या चार महिन्यांवर आहे. त्यात येथील बहुतेक धबधबे पठाराच्या अगदी काठावर असल्याने त्यांचे पाणलोट क्षेत्र अत्यंत लहान. शिवाय घट्ट कातळात पाणी फारसे मुरत नाही. परिणामी जोरदार सर आली की काही वेळातच धबधबा फुगतो आणि पाऊस उघडला की तितक्याच वेगाने ओसरतो. दिवाळीला जाणाऱ्याच्या वाट्याला बहुधा ओलसर कडाच येतो.

लाव्ह्याचे सारे थर सारखे कठीण नसतात. काही घट्ट, काही सच्छिद्र, तर दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा ठिसूळ पट्टा असतो. पाणी खालचा मऊ थर पोखरते आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे निघून राहतो. आधार सुटला की तो कोसळतो. धबधब्याच्या माथ्यावर कड्याच्या टोकाशी उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांच्या पायाखाली अनेकदा असाच पोकळ छज्जा असतो, हे वरून कळत नाही. शेवाळाने निसरडा झालेला दगड ही त्यात भर.

धबधब्याच्या तळाशी गोलाकार डोह दिसतो, तोही याच पाण्याची करणी. प्रवाहात अडकलेले गोटे गरगर फिरून कातळात रांजणखळगे कोरतात. काठावर गुडघाभर असलेले पाणी एका पावलावर कित्येक पुरुष खोल असू शकते. कोसळत्या धारेमुळे पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात व फेसाळ पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. पट्टीचा पोहणाराही येथे फसतो तो यामुळेच. विहिरीत वा कालव्यात शिकलेले पोहणे डोहात पुरे पडत नाही. अकोला जिल्ह्याच्या टोकाला वान नदीवरील वारी हनुमान येथील डोहाने घेतलेल्या बळींमुळे वऱ्हाडातील अनेक कुटुंबांना याची जाणीव दुर्दैवाने फार उशिरा झाली.

खाली ऊन असताना वरच्या पठारावर मुसळधार पाऊस सुरू असू शकतो. पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या व पालापाचोळा वाहून येणे, आवाज वाढणे या लोंढा येत असल्याच्या खुणा होत. त्या दिसताच सामान सोडून उंच जागी जावे.

दर्यापूरकरांसाठी या धबधब्यांचे नाते सहलीपुरते नाही. शहरालगत वाहणारी चंद्रभागा चिखलदऱ्याच्या डोंगरातच उगम पावते. तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथे जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. बोअर खोदून तहान भागत नाही. त्यामुळे दर्यापूर व अंजनगाव तालुक्यांतील गावांना गाविलगडच्या पायथ्याशी शहानूर नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी नळाने आणावे लागते. डोंगरात पडणारे गोड पाणी ही पर्यटकासाठी शोभा असली, तरी खारपाणपट्ट्यातील घरात तो पिण्याचा हंडा आहे. वर धबधब्याकाठी टाकलेल्या पत्रावळी, बाटल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या पहिल्याच पुरात खालच्या नद्यांची वाट धरतात. पठारावरील गर्दी वाढत असताना या बाबीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

जुलैमध्ये दाट धुक्यामुळे भीमकुंडाच्या काठावर उभे राहून केवळ आवाज ऐकून परतण्याची वेळ अनेकांवर येते. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत धुके मधूनमधून विरते व धबधब्यांनाही पाणी असते. पाहणाऱ्यांसाठी हाच काळ अधिक सोयीचा. आसपासचे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे असल्याने आडवाटेच्या ठिकाणी जाण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. रविवारी घाटात वाहनांची रांग लागते. आठवड्यातील इतर दिवस निवडल्यास वेळ वाचतो. दर्यापूरहून एकेकाळी अचलपूरपर्यंत नेणारी ‘शकुंतला’ आता धावत नाही. स्वतःचे वाहन नसल्यास परतवाडा आगारातून एसटीने घाट चढता येतो; परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र वर जाण्यापूर्वीच विचारून घ्यावी.