मोटारीचा मफलर

मराठी घरात ‘मफलर’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे येतो तो थंडीच्या पहाटे गळ्याभोवती गुंडाळलेला लोकरीचा पट्टा. अमेरिकन माणूस मात्र हाच शब्द मोटारीच्या पोटाखाली टांगलेल्या एका लोखंडी डब्याला लावतो. आपण त्या डब्याला सायलेन्सर म्हणतो. नावे दोन असली तरी काम एकच. आणि गळ्यातल्या मफलरचे व या डब्याचे नातेही अगदीच दूरचे नाही. दोघांचाही उद्देश खोकला आवरण्याचा!

हा डबा जुना झाला म्हणजे नवा कसा निवडावा आणि तो कसा बसवून घ्यावा, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय तसा गॅरेजातला आहे. परंतु मी राहतो त्या म्हैसूर शहराचा ध्वनीशी जुना संबंध आहे. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली येथे आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले, आणि पुढे तेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. आवाज लोकांच्या कानी पडावा म्हणून ज्या गावाने एवढी खटपट केली, त्या गावातून आज आवाज कानी पडू नये म्हणून करावयाच्या खटपटीविषयी बोलावे, यात मला थोडी गंमत वाटते.

गोष्ट आमच्या घरातलीच आहे. आमचे घर कुवेंपुनगरात. गाडी जुनी, पण फिरणे बेताचेच: सकाळी देवराज मार्केटपर्यंत भाजीला, क्वचित चामुंडीच्या टेकडीवर, आणि वर्षातून दोनचारदा नंजनगूडच्या देवदर्शनाला. एके वर्षी अशाच एका फेरीहून परतताना मागच्या बाजूस बसलेल्या मावशी म्हणाल्या, “अरे, तुझ्या गाडीत बसले की माझे डोके जड होते.” आम्ही ते वयावर ढकलले. पुढच्या खेपेस त्यांना मळमळू लागले. आम्ही ते उन्हावर ढकलले. त्यानंतर एकदा सायलेन्सरचा आवाज जरा फाटका वाटला म्हणून गाडी गॅरेजात नेली. मिस्त्रींनी ती वर उचलून घेतली आणि सायलेन्सरच्या अलीकडील जोडावर उमटलेली काजळीची काळी रेघ मला दाखविली. तेथे नळी चिरली होती. बरोबर त्या जागेच्या वर गाडीच्या तळाचे एक रबरी बूच निखळलेले होते. जळालेले वायू त्या वाटेने सरळ मागच्या आसनाखाली शिरत होते. मावशींचे वय आणि म्हैसूरचे ऊन, दोन्ही निर्दोष होती. दोष आमचा होता.

या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे. पुढची पायरी बेशुद्धीची आणि मृत्यूची. यास्तव सायलेन्सर ही केवळ आवाजाची बाब नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आवाज गिळणे हे त्याचे एक काम; जळालेले वायू गाडीच्या मागे, माणसांपासून दूर नेऊन सोडणे हे त्याच्या नळीचे दुसरे काम, आणि ते अधिक महत्त्वाचे.

आता हा आवाज येतो कोठून, ते पाहू. सिलिंडरात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते, दट्ट्या ढकलला जातो, आणि काम संपल्यावर बाहेरची झडप उघडते. त्या क्षणी आतील दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. म्हणून वायू नळीत शिरतो तो वाहत नाही, आदळतो. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात आसाच्या एका फेऱ्यास असे दोन आघात होतात. इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर आघात झाले. तापलेल्या नळीत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे पाचशे मीटर असतो. म्हणजे या घुमणाऱ्या स्वराची एकेक लाट पाच मीटर लांबीची, गाडीहूनही लांब, झाली!

एवढी लांब लाट एका डब्यात कशी जिरवावी? १८९७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या मिल्टन व मार्शल रीव्ह्ज यांनी इंजिनासाठी अशा डब्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजवर युक्त्या मुख्यतः तीनच आहेत. पहिली अशी की अरुंद नळीतून आलेली लाट एकदम रुंद कोठीत सोडावयाची. विहिरीच्या काठावर आपटून लाट परतावी तशी ती परतते, आणि परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भेटून दोघी एकमेकींना मारतात. दुसरी युक्ती बाटलीची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की तिचा एक ठरावीक स्वर निघतो. तशीच एक बंद कोठी नळीला बाजूने जोडली, तर ती आपल्या नेमक्या स्वराला गिळून टाकते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ही कोठी ओळखली जाते. तिसरी युक्ती शोषणाची: भोके पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचा कापूस. त्या तंतूंत घासून ध्वनीची उष्णता होते. ही युक्ती कर्कश स्वरांवर चांगली चालते, खर्जावर मात्र तिचे फारसे चालत नाही.

एवढे कळले की बाजारात निवड कशी करावी हे पुष्कळसे आपोआप कळते. गाडीच्या कारखान्याचाच सायलेन्सर मिळाला तर उत्तम. पण तो महाग असतो आणि जुन्या गाड्यांना पुष्कळदा मिळतही नाही. मग बाजारचा घ्यावा लागतो. त्यात तीन जाती आढळतात. पहिली, मूळ सायलेन्सरच्या मापाबरहुकूम केलेली, जुन्याच कड्यांवर बसणारी. दुसरी, कोणत्याही गाडीला कापून, जोडून बसविता येईल अशी. तिसरी, ‘गाडीची ताकद वाढविणारी’ म्हणून विकली जाणारी, बहुधा सरळ नळीची, दिसावयास झकपक.

घरच्या गाडीसाठी माझे मत पहिल्या जातीला. दुसरी घ्यावी लागली तर जुन्याचे माप जवळ ठेवावे: नळीचा आतला व बाहेरचा व्यास, डब्याची लांबी-रुंदी, आणि तोंडे मधोमध आहेत की कडेला. डबा मूळच्यापेक्षा लहान घेऊ नये. लाट किती लांब असते ते आपण पाहिले. लहान डबा आणि शांत गाडी या दोन्ही गोष्टी एकदम मागता येत नाहीत. शरीरावर वायूच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहून ठेवावा.

तिसऱ्या जातीविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, इंजिनाला मागून अडथळा हवाच. दुसरा म्हणतो, अडथळा मुळीच नको. दोन्ही अर्धसत्ये आहेत. नळी फार अरुंद झाली तर इंजिन गुदमरते, हे खरे. परंतु ती फाजील रुंद केली तर वायूचा वेग मंदावतो, आणि एक आघात बाहेर पडताना मागच्याला जो ओढून नेतो ती ओढच नाहीशी होते. मग चढावर, कमी वेगात, गाडी मरगळते. कारखान्याने हा मेळ आधीच जमवून दिलेला असतो. शर्यतीच्या गाडीचे गणित वेगळे. भाजी आणणाऱ्या गाडीला त्या रुंद नळीतून लाभतो तो केवळ आवाज.

धातूविषयीही थोडे सांगितले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटरच पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जाते. पण चार-पाच किलोमीटरांच्या फेरीत तो पुरता तापत नाही. पाणी डब्यातच साचते आणि आतून गंज चढतो. म्हणजे कमी फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आधी कुजतो! आमच्या गाडीचे हेच झाले होते. साध्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा टिकाऊ, आणि त्याहून बिनगंजाचे पोलाद टिकाऊ. येथे दुकानातल्या लोहचुंबकावर फार भिस्त ठेवू नये. सायलेन्सरसाठी सर्रास वापरले जाणारे ४०९ जातीचे बिनगंजाचे पोलाद चुंबकाला चिकटते. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. डब्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक भोक असेल तर ते दोष समजून बुजवू नये.

आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये आधुनिक गाड्यांत एक दुसरा डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो प्रथम सक्तीचा झाला. त्याच्या आत पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा मुलामा असतो. विषारी वायूंचे रूपांतर तेथे होते. सायलेन्सर बदलताना त्याच्या मागचाच भाग बदलावा. तो डबा व त्याच्या आसपासचे संवेदक यांना हात लावू देऊ नये. “हाही काढून टाकू, गाडी हलकी चालेल” असा सल्ला कोणी दिला, तर नमस्कार करून दुसरे गॅरेज शोधावे.

आता बसविणे. गाडी थंड असली पाहिजे आणि रॅम्पवर किंवा भक्कम घोड्यांवर चढविलेली असली पाहिजे. नुसत्या जॅकवर अथवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नये. आपण पैसे देतो म्हणून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या दिवशीच गंज सोडविणारे तेल घालावे. जुना डबा निघाला की रबरी कड्या पाहाव्यात. त्या भेगाळल्या असतील तर त्याही बदलाव्यात, जोडावरचे गॅस्केट तर नवेच घ्यावे. नवा डबा प्रथम सैलसर टांगावा. सर्व भाग सरळ रेषेत आले, गाडीच्या तळाला व आसाला कोठे टेकत नाहीत, इंधनाच्या नळीपासून निदान ३५ मिलिमीटर अंतर राहिले, असे पाहिल्यावरच इंजिनाकडून मागे येत एकेक जोड आवळावा. वेल्डिंग करावयाचे असेल तर बॅटरीची तार सोडावी, आणि पेट्रोलची टाकी किती जवळ आहे ते स्वतः वाकून पाहावे. शेवटच्या नळीचे तोंड गाडीच्या कडेबाहेर आले पाहिजे. ते आतच राहिले तर वायू पुन्हा गाडीखाली कोंडतात.

मग गाडी मोकळ्या हवेत सुरू करावी. प्रथम थोडा धूर व वास येईल. तो लेपावरील तेलाचा. नळीच्या तोंडाशी जाड फडके क्षणभर धरले तर इंजिन अडखळले पाहिजे. त्याऐवजी मध्येच कोठे फुसफुस ऐकू आली, तर तेथे गळती आहे असे समजावे. गाडी तापून निवली की जोड पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.

कायद्याचेही एक वाक्य सांगतो. प्रत्येक मोटारीला आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे असे १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात, आणि मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते. आवाजाची मर्यादा मोडल्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नव्या मोटारीची मर्यादा साडेसात मीटरांवरून ७४ डेसिबेल आहे. डेसिबेलचे गणित फसवे असते. ९४ हा आकडा वीसनेच मोठा दिसतो. परंतु त्यात ध्वनीची शक्ती शंभर पट असते. वस्तीतील रात्रीची मर्यादा तर ४५ डेसिबेलची आहे.

आमच्या शेजारच्या एका तरुणाने हौसेने तसला गर्जणारा सायलेन्सर बसविला होता. गाडी त्याची, पैसा त्याचा; पण रात्री अकराला ती गल्लीत शिरली की झोप मोडे ती आमची, समोरच्या घरातील तान्ह्या बाळाची, आणि मावशींची. मी त्याला उपदेश केला नाही. एका संध्याकाळी त्याला आमच्या गच्चीवर चहाला बोलाविले आणि त्याच्या धाकट्या भावाला ती गाडी गल्लीतून एकदा फिरवून आणावयास सांगितले. आपल्या गाडीचा आवाज बाहेरून त्याने तेव्हा प्रथमच ऐकला. कप खाली ठेवून तो थोडा वेळ गप्प बसला. त्यानंतरच्या आठवड्यात जुना सायलेन्सर परत गाडीखाली आला होता.

गाडी चालविणारा काचा लावून आत बसलेला असतो. सायलेन्सर ज्यांच्यासाठी असतो ते सारे बाहेर असतात. आमच्या या वस्तीला कवी कुवेंपु यांचे नाव आहे, आणि तिच्यातील एका मोठ्या रस्त्याला त्यांच्या आवडत्या कल्पनेवरून ‘विश्वमानव’ असे नाव दिलेले आहे. त्या रस्त्यावरून जाताना नव्या सायलेन्सरची आमची गाडी आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. मावशी मागे बसून निर्धास्त डुलकी घेतात. त्या डब्याला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.