‘कौटुंबिक गरजेपोटी’ : मुसोलिनीच्या इटलीतलं घर

फॅसिस्ट इटलीत एक विनोद दबक्या आवाजात सांगितला जाई. मुसोलिनीच्या पक्षाच्या इटालियन नावाची आद्याक्षरं होती पी, एन, एफ. लोक त्यांचा अर्थ लावत, ‘पेर नेचेसिता फामिल्यारे’, म्हणजे ‘कौटुंबिक गरजेपोटी’. पक्षाच्या सभासदत्वाच्या कार्डाला नाव पडलं होतं ‘भाकरीचं कार्ड’. कोटावर लावायच्या पक्षाच्या बिल्ल्याला तर लोक चक्क ‘ढेकूण’ म्हणत. हुकूमशाही म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे आणि फाशीचे तख्त येतात. पण एक माणूस वीस वर्षांहून अधिक काळ एका सुशिक्षित, सुसंस्कृत देशाच्या मानगुटीवर कसा बसून राहिला, याचं निम्मं उत्तर या तीन चेष्टेच्या शब्दांत आहे.

बेनितो मुसोलिनी १९२२ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान झाला तो राजाच्या आमंत्रणावरून. काळ्या शर्टातल्या त्याच्या टोळ्यांनी आधीची दोन वर्षं शेतकरी-कामगारांच्या संघटनांची कार्यालयं जाळली होती, माणसांना बळजबरीने एरंडेल तेल पाजून त्यांची बेअब्रू केली होती. तरी पहिली काही वर्षं संसद होती, विरोधी पक्ष होते, वर्तमानपत्रंही होती. निवडणुकीतल्या दडपशाहीविरुद्ध संसदेत भाषण करणारे समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांना १० जून १९२४ रोजी भर रस्त्यातून पळवून ठार मारण्यात आलं. देश हादरला. सरकार पडणार असं वाटत होतं. विरोधी खासदारांनी निषेध म्हणून संसदेवर बहिष्कार टाकला आणि राजाने काहीतरी करावं म्हणून वाट पाहिली. राजाने काहीच केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने संसदेत उभं राहून सगळ्याची जबाबदारी आपली असल्याचं उघड सांगितलं, आणि पुढच्या दोन वर्षांत पक्ष, संघटना, स्वतंत्र वर्तमानपत्रं सगळं बंद झालं.

नंतरची दहशत आकड्यांत पाहिली तर त्या शतकातल्या इतर राजवटींपेक्षा कमीच वाटते. राजकीय गुन्ह्यांसाठी नेमलेल्या खास न्यायालयाने सुमारे साडेचार हजार माणसांना शिक्षा दिल्या. मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली ती तीसेक जणांबाबत. खरं हत्यार वेगळंच होतं. जिल्ह्याची एक समिती, खटला न चालवता, कोणाही माणसाला पाच वर्षांपर्यंत दूरच्या बेटावर किंवा डोंगरातल्या खेड्यात पाठवू शके. लिपारी, पोन्झा, उस्तिका ही आज पर्यटकांची बेटं आहेत. तेव्हा तिथे माणसं हजेरी देऊन दिवस काढत. दहा हजारांहून अधिक लोक असे हद्दपार झाले. दारूच्या गुत्त्यात तोंडातून निसटलेला एखादा शब्द किंवा मुसोलिनीची नक्कल एवढंही कारण पुरे. पुरुष बेटावर, आणि मागे बायको, मुलं, थकलेले आईवडील. त्यांचं कसं चालतं हे सारा मोहल्ला पाहत असे, आणि तेवढा धडा सगळ्यांना पुरे होई.

खबर देणारे कोण? पगारी हेर होतेच, पण निनावी पत्रांचाही पाऊस पडे. भाडेकरू-घरमालकाचं भांडण, धंद्यातली चुरस, नात्यातली जुनी अदावत, सगळी पोलिसांच्या कागदावर ‘राजद्रोह’ होऊन उतरे. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुस, म्हणजे एकमेकांच्या पाळतीवर राहणं, आणि गीबत यांना एकाच आयतीत मनाई का केली आहे, हे या पत्रांचा इतिहास वाचताना नीट कळतं.

भीतीच्या जोडीला भाकरी होती. १९३० नंतर सरकारी नोकरी हवी असेल तर पक्षाचं कार्ड आवश्यक ठरलं. १९३१ मध्ये विद्यापीठांच्या प्राध्यापकांना राजवटीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला सांगितलं गेलं. बाराशेच्या आसपास प्राध्यापक होते. नकार देणारे निघाले जेमतेम डझनभर. बाकीचे सगळे काही फॅसिस्ट नव्हते. कोणाच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं, कोणाचं पेन्शन जवळ आलं होतं. त्यांना भ्याड म्हणणं सोपं आहे, मला ते म्हणवत नाही. पण त्या बारा जणांच्याही घरी चूल होतीच, हेही विसरता येत नाही.

मग पाळी आली मुलांची. सहाव्या वर्षी मूल ‘लांडगीचं पिल्लू’ होई, आठव्या वर्षी ‘बालिल्ला’ या संघटनेत जाई. काळा शर्ट, कवायत, खोटी बंदूक. मुलींसाठी वेगळी संघटना होती. प्राथमिक शाळांत सरकारने छापलेलं एकच पाठ्यपुस्तक चाले आणि त्यात नेत्याच्या आज्ञेला आईबापांच्या आज्ञेच्या वरचं स्थान होतं. भिंतीवर लिहिलेलं असे, ‘मुसोलिनी नेहमीच बरोबर असतो’. शाळेतून आलेलं लेकरू जेवताना काय ऐकतं आणि उद्या बाईंना काय सांगतं, या धास्तीने कितीतरी घरांत जेवणाच्या वेळी गप्पाच थांबल्या.

बायकांकडून हुकूमशहाला हवी होती संख्या. १९२७ मध्ये त्याने चार कोटींचा इटली सहा कोटींवर नेण्याची हाक दिली आणि अविवाहित पुरुषांवर कर बसवला. जास्त मुलं असलेल्या मातांना रोमला नेऊन सत्कार होत. दुसरीकडे, १९३८ च्या हुकमाने कचेऱ्यांत स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांवर जाऊ नये असं ठरलं. जन्मदर काही वाढला नाही. इटलीतल्या बायकांनी भाषणं ऐकून घेतली आणि आपल्या घरापुरता निर्णय आपणच घेतला.

तरीही १८ डिसेंबर १९३५ चा दिवस विसरता येत नाही. इथिओपियावरच्या स्वारीसाठी सोनं द्या, असं सरकारने सांगितलं. रोममध्ये राणीने सर्वांत आधी आपली लग्नाची अंगठी दिली आणि मागे रांगा लागल्या. सोन्याच्या बदल्यात लोखंडी अंगठी मिळे. आपल्याकडे काळी पोत गळ्यातून काढून द्यायला सांगितली तर कसं वाटेल, तेवढीच जवळची ही वस्तू. कोणी मनापासून दिली, कोणी शेजारणीच्या नजरेला भिऊन. दुसऱ्या दिवशी ज्या बोटावर सोनंच दिसेल त्या बोटाकडे सगळे पाहणार होते. तिकडे इथिओपियात त्याच सैन्याने विषारी वायू वापरला. इटलीच्या वर्तमानपत्रांत त्यातलं अक्षर आलं नाही.

सगळंच जुलमाचं होतं असंही नाही. ‘दोपोलावोरो’ नावाच्या कामगार-मनोरंजन संस्थेने स्वस्त सहली, खेळ, सिनेमा, सामुदायिक रेडिओ दिले. अनेक गरीब घरांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो तिच्या तिकिटावर. लोकांना हे खरोखर आवडलं होतं.

आता समुद्रापलीकडे. लिबियात बरका प्रांतातल्या जबल अख्दर भागात सनूसींचा लढा चालू होता. नेतृत्व करत होते सत्तरी ओलांडलेले, मुलांना कुरआन शिकवणारे उमर मुख्तार. जनरल ग्राझियानीने सनूसींच्या झावियांची मालमत्ता जप्त केली, इजिप्तच्या सीमेवर शेकडो किलोमीटर काटेरी तार ओढली आणि सुमारे एक लाख माणसांना, बायका-मुलांसह, वाळवंटातल्या छावण्यांत कोंडलं. गुरंढोरं मेली. माणसं किमान चाळीस हजार दगावली असावीत. उमर मुख्तार ११ सप्टेंबर १९३१ ला पकडले गेले आणि १६ तारखेला सलूक इथे, छावणीतल्या हजारो कैद्यांसमोर, त्यांना फाशी दिली गेली. साडेपाच वर्षांनी, १९३७ च्या मार्चमध्ये, हाच मुसोलिनी त्रिपोलीजवळ घोड्यावर बसून ‘इस्लामची तलवार’ उंचावत होता आणि स्वतःला मुसलमानांचा रक्षक म्हणवत होता. तलवार फ्लॉरेन्समध्ये घडवलेली होती.

दुरून मात्र हा माणूस भल्याभल्यांना भुरळ घालत होता. १९३१ च्या मार्चमध्ये नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे त्याला भेटले. बालिल्लाच्या संस्था पाहून ते प्रभावित झाले. नोव्हेंबरमध्ये अल्लामा इक्बाल भेटले, उमर मुख्तारांच्या फाशीनंतर जेमतेम दोन महिन्यांनी. त्यांच्या ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये मुसोलिनीचं कौतुक करणारी नज्म आहे. इथिओपियावरच्या संकटाबद्दल त्यांनी कडवट लिहिलं, ते १९३५ मध्ये. १९३१ च्याच डिसेंबरमध्ये गांधीजीही भेटून गेले. १९३६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर परतताना रोममध्ये थांबलेल्या नेहरूंना भेटीचा आग्रह झाला. त्यांनी ठाम नकार दिला.

१९३८ मध्ये पाळी ज्यूंची आली. संख्या हजारात एक एवढीच. अनेक जण पक्षाचे जुने सभासद, पहिल्या महायुद्धात लढलेले. ऑगस्टमध्ये त्यांची वेगळी मोजणी झाली. सप्टेंबरपासून त्यांची मुलं सरकारी शाळांतून, शिक्षक नोकरीतून, त्यांनी लिहिलेली पुस्तकं वर्गातून बाहेर काढली गेली. वर्गातल्या रिकाम्या बाकाबद्दल फारसं कोणी विचारलं नाही. रिकाम्या झालेल्या नोकऱ्यांवर मात्र माणसं लगेच रुजू झाली. पाच वर्षांनी जर्मन सैन्य आलं तेव्हा नावं-पत्ते कागदावर तयार होते. १६ ऑक्टोबर १९४३ ला रोममधून हजारावर ज्यू पकडून औशविट्झला पाठवले गेले. परत आले सोळा.

त्याआधी, २५ जुलै १९४३ च्या रात्री, रेडिओवर मुसोलिनीच्या बडतर्फीची बातमी आली. पक्षाचे सभासद चाळीस लाखांच्या वर होते. त्याला वाचवायला रस्त्यावर कोणी उतरलं नाही. सकाळी रोमच्या रस्त्यांवर कोटांवरून उपटून फेकलेले ‘ढेकूण’ पडलेले होते. उमर मुख्तारांवरच्या १९८१ च्या ‘लायन ऑफ द डेझर्ट’ या सिनेमाला मात्र लोकशाही इटलीनेही बंदी घातली, सैन्याच्या इभ्रतीला धक्का लागतो म्हणून. तिथल्या टीव्हीवर तो दिसला २००९ मध्ये.