‘आशा’च्या आधीचा अल्बम

लेस्टरच्या मराठी माणसाला कॉर्नरशॉप हा बँड एका गाण्यापुरता माहीत असतो, ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. आपल्या आशाताईंवरचं हे गाणं नॉर्मन कुकच्या रिमिक्समुळे फेब्रुवारी 1998 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लागलं की आपण सगळे हक्कानं नाचतो. मला मात्र त्याच्या आधीचा, 1995 चा दुसरा अल्बम जास्त मोलाचा वाटतो. त्याचं नाव ‘वुमन्स गॉटा हॅव इट’.

हा बँड 1991 मध्ये इथेच, लेस्टरमध्ये सुरू झाला. तजिंदर सिंग गायक, सोबतीला बेन आयर्स. नाव टोमण्यातूनच उचललेलं, कारण आशियाई माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार हा इथला ठरलेला समज. याच शहराच्या कौन्सिलने 1972 मध्ये युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तिथल्या आशियाई लोकांना ‘इकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. (आज बेलग्रेव्ह रोडवरच्या दिवाळीचं तेच शहर कौतुक करतं!)

पहिल्या अल्बममध्ये गोंगाट आणि राग. दुसऱ्याची सुरुवातच पंजाबीत होते, ‘सिक्स ए.एम. जुलंदर शेरे’ या गाण्याने. एकाच सुरावर घुमत राहणारं संगीत आणि त्यावर घरातली भाषा. शेवटी तेच गाणं पुन्हा येतं, फक्त घड्याळात सात वीस झालेले असतात. अर्थ समजावून सांगायची धडपड कुठेच नाही. इंग्रजी रॉक ऐकणाऱ्यांपुढे त्याने आपली बोली जशीच्या तशी ठेवली.

माझी मुलगी सतरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये बेस वाजवते. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. गाडीत हे गाणं लागल्यावर तिने विचारलं, “काय म्हणतोय गं तो?” पंजाबी मलाही येत नाही, तसं सांगितलं. तिने ते चार वेळा ऐकलं. आठवड्याने म्हणाली, “आई, आजी जात्यावरचं काहीतरी म्हणायची ना?”

साताऱ्याला फोन लावला. आईला ओव्या आठवल्या, पण अर्ध्याच. ती आता 81 वर्षांची आहे. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, आणि लेकीने रेकॉर्डर आत्तापासूनच बॅगेत टाकून ठेवलाय.